रीफ टँक: दगड बसले, आता पाणी

मंडळी, फोंड्याच्या रीफ टँकचं, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, रॉकवर्क (आतली दगडांची रचना) एकदाचं उभं राहिलं. टाकी ४८ × २४ × २० इंच, म्हणजे साधारण पावणेचारशे लिटर. अजून थेंबभर पाणी घातलेलं नाही आणि मला घाईही नाही.

"गोव्यात राहून दगड विकत आणतोस?" हे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर ठरलेलं. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वाळूत वाहून आलेल्या तुकड्यालाही मी हात लावत नाही. आणि आपला लाडका चिरा, म्हणजे जांभा, घरापुरताच बरा; जांभ्यात लोह भरपूर, चुना नाहीच. म्हणून कोरडा, चुन्याचाच असलेला अ‍ॅरागोनाइट दगड आणला. सच्छिद्र, हलका, आणि पाणी साफ ठेवणाऱ्या बॅक्टेरियाला राहायला आतपर्यंत जागा.

रचना आधी जमिनीवर केली. टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापला, चारही बाजूंनी चार-चार बोटं सोडून रेघ मारली आणि दगड त्या रेघेच्या आतच ठेवायचे असं ठरवलं. काचेवरून सफाईचा मॅग्नेट फिरायला तेवढी जागा लागतेच. वरूनही सहा इंच मोकळे ठेवलेत, कारण आज रिकामा दिसणारा माथा पुढे कोरल (प्रवाळ) वाढलं की पाण्याबाहेर डोकं काढतो.

माझा नियम एकच: गोंदाशिवाय जे उभं राहत नाही, ते गोंदाने चिकटवायचं नाही. गोंद म्हणजे विमा. दगडाचं पाण्यात काय होतं ते पाहा. अ‍ॅरागोनाइटची घनता २.९ च्या आसपास, म्हणजे छिद्रं पूर्ण भरल्यावरही १० किलोचा दगड खाऱ्या पाण्यात साडेसहा किलोइतकाच भार देतो. सुरुवातीला छिद्रांत हवा अडकलेली असते, तेव्हा आणखी कमी. हॉलमध्ये भक्कम वाटलेला दगड टाकीत सी अर्चिनच्या (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) धक्क्याने सरकतो तो यामुळेच.

शेजारी गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, काम चाललं होतं. तिथले मिस्त्री डोकावले, पुठ्ठ्यावरची रास बघून म्हणाले, "भाऊ, फटीत कपची मारा, हलायचं नाही." गडग्याला ते बरोबर आहे. टाकीत मात्र कपची सुटून पडते, शिवाय पिस्तूल कोळंबी खाली बिळं खणते. त्यामुळे मी पाचर न मारता बैठकच घडवली. प्रत्येक खालचा दगड चुलीच्या धोंड्यांसारखा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. चौथा टेकू आला की डुगडुग आलीच. जिथे उंचवटा नडला तिथे छिन्नीने हळूहळू उडवला, पुन्हा ठेवला, एका कोपऱ्यावर अंगठ्याने दाब दिला, पुन्हा उडवला. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी मजबुती इथेच आहे. मिस्त्रींना तीन टेकूंचं पटलं, पण "एवढ्या दगडात माशाला घर कुठलं?" हा त्यांचा प्रश्न काही सुटला नाही.

डावीकडे कमान आहे, तिच्यात ८ मिमीच्या अ‍ॅक्रिलिक सळ्या घातल्या. ड्रिलला दगडाचा बिट, पण हॅमर मोड बंद. ठोका बसला की असला दगड सरळ दुभंगतो. सळईभोवती दोन भागांची इपॉक्सी पुट्टी आणि सांध्यात जेल सुपरग्लू, त्यावर चिमूटभर कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू. वाळू पडताच सांधा गरम होतो आणि धूर सुटतो, तेव्हा हे व्हरांड्यातच करा. सुपरग्लू ओलाव्याने कडक होतो, म्हणून आपल्या पावसात ट्यूब उघडी राहिली की गेलीच म्हणून समजा. मी ती सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डब्यात ठेवतो.

टाकीत दगड थेट काचेवर बसवले, खाली अ‍ॅक्रिलिकच्या पातळ चकत्या. वाळू नंतर येईल. वाळूवर दगड ठेवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे: खणणारा गोबी मासा आला की पाया गेला. मधोमध मोठी घळ सोडली, म्हणजे मागच्या बाजूलाही वेव्हमेकरचा (पाणी हलवणारा पंप) प्रवाह जाईल आणि घाण कोपऱ्यात साचणार नाही. फोटोत ती जरा उघडीबोडकी दिसते, दिसू दे.

पाणी आरओ-डीआयचंच (क्षार काढून शुद्ध केलेलं) आणि त्यात मीठ, घनता १.०२५. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गोडं पाणी किनाऱ्यापर्यंत पोचतं, तेव्हा समुद्राचं पाणी आणून भरायचा विचारच नको. भरल्यावर पहिले काही दिवस स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. ताज्या इपॉक्सीने तो भलताच फेसाळतो. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतला आहे, जूनमध्ये वीज कशी नांदते ते तुम्हाला माहीतच आहे.

पुढची नोंद अमोनिया चढायला लागला की टाकतो. उजवीकडच्या दगडांच्या टेकडीच्या माथ्यावर आधी झोआ लावायचे की मॉन्टिपोरासाठी जागा राखायची (दोन्ही कोरलच), यावर कुणाचं ठाम मत असेल तर सांगा.