वेण्णा आणि येरळा: स्वॅटमधील प्रभावी पॅरामीटरांचा शोध

स्वॅट हे पाऊस, माती आणि जमिनीच्या वापरावरून नदीचा प्रवाह काढणारे संगणकीय मॉडेल. मोजलेल्या प्रवाहाशी त्याची प्रत्यक्ष जुळवणी सुरू करण्यापूर्वी त्यातील कोणते पॅरामीटर (बदलता येणारे आकडे) प्रवाह खरोखर हलवतात, हे या टप्प्यात तपासले. त्यासाठी सातारा जिल्ह्यातील अगदी भिन्न स्वभावाची दोन पाणलोट क्षेत्रे घेतली: कण्हेर धरणाच्या वरची वेण्णा आणि खटाव तालुक्यातील येरळा.

पद्धत मॉरिसची, १९९१ सालची: एका वेळी एकच पॅरामीटर बदलत जायचे आणि निकाल किती हलतो ते पाहायचे. १२ पॅरामीटर आणि अशा बदलांचे १० मार्ग धरले, तर मॉडेल १३० वेळा चालवावे लागते आणि घरच्या संगणकाला तेवढे झेपते; सर्व पॅरामीटर एकत्र बदलून प्रत्येकाचा आणि त्यांच्या जोड्यांचा वाटा मोजणाऱ्या सोबोलच्या पद्धतीला हजारो फेऱ्या लागतात.

सर्वांत बोलका निकाल कर्व्ह नंबरचा, म्हणजे पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमिनीवरून वाहून जाईल (अपधाव) ते ठरवणाऱ्या आकड्याचा आहे. येरळेच्या वार्षिक अपधावावर त्याचाच वरचष्मा दिसला, वेण्णेत मात्र तो बराच मागे पडला, आणि याचे कारण कर्व्ह नंबरच्या सूत्रातच दडलेले आहे. दिवसाला ४० मिमी पाऊस धरून कर्व्ह नंबर ७५ वरून ८५ केला, तर अपधाव सुमारे ५ मिमीवरून १३ मिमीच्या जवळ जातो, म्हणजे अडीच पट होतो. २०० मिमी पावसात तोच बदल केला, तर १२५ चे १५५ मिमी होतात, म्हणजे जेमतेम पाव हिश्शाने वाढ होते. खटावच्या वार्षिक ५०० मिमीच्या आसपासच्या पावसात पहिली स्थिती नित्याची, तर महाबळेश्वरच्या पावसाळ्यात दुसरीही नवलाची नाही. म्हणूनच दुसऱ्या खोऱ्यातील ‘प्रभावी पॅरामीटरांची’ तयार यादी जशीच्या तशी उचलणे मला पटत नाही.

एकाच खोऱ्यातही प्रश्न बदलला की क्रम बदलतो. वेण्णेचा जानेवारीतील प्रवाह पाहिला, तेव्हा भूजलाच्या ओसरण्याचा वेग ठरवणारा अल्फा वर आला. पुराच्या शिखराला त्याचे सोयरसुतक नव्हते. येरळेत मातीतील बाष्पीभवन ठरवणाऱ्या ‘एस्को’ या पॅरामीटरच्या परिणामाचे प्रमाण विचलन (मार्गागणिक चढउतार) मोठे निघाले, म्हणजे त्याचा परिणाम इतर पॅरामीटरांवर, बहुधा मातीच्या जलधारण क्षमतेवर, अवलंबून असावा. मॉरिसची पद्धत जोडीदार कोण ते सांगत नाही, तेव्हा निवडक चार-पाच पॅरामीटरांपुरती सोबोलची पद्धत वापरणार आहे.

त्याच फेरीत पावसाचा गुणकही (मोजलेला पाऊस कमी-जास्त करणारा आकडा) पॅरामीटर म्हणून घालणार आहे, कारण महाबळेश्वरचा पाऊस वेण्णेच्याच खोऱ्यातील मेढ्यापर्यंत येता येता निम्म्याहून खाली येतो आणि एकाच पर्जन्यमापकावर विसंबल्यास ती चूक मातीच्या पॅरामीटरांच्या नावावर खपून जाते.