आबूला बारा माणसांची जेवणं कशी जमवली

बडोद्याहून माउंट आबू साधारण सव्वातीनशे किलोमीटर. आम्ही बाराजण होतो: कांदा-लसूण न खाणारी आजी, रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेणारे मोठे काका, दहा वर्षांखालची चार मुलं आणि काहीही चालणारी सहा मोठी माणसं. दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे वर पाच मोठी जेवणं. आबूत चांगलं खायला मिळतं. अडचण एवढीच, की सगळं गाव एकाच वेळी भुकेलं होतं. त्यामुळे हॉटेलांच्या यादीआधी मी घड्याळाचं गणित मांडलं.

त्याआधी कॅलेंडर. बडोद्यात दिवाळीच्या पाडव्याला मिटलेली दुकानं लाभपाचमीला उघडतात, आणि मधल्या दिवसांत अर्धं गुजरात आबूच्या घाटात असतं. त्या आठवड्यात कुठेही बारा खुर्च्या एकत्र मागू नयेत. शनिवार-रविवारही तसेच, त्याला आणखी एक कारण आहे: आपल्याकडे दारूबंदी, आणि सीमेवरचं अमीरगढ ओलांडलं की राजस्थान. शनिवारी रात्री नऊनंतर बऱ्याच ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये फॅमिली कमी आणि बाटल्या जास्त दिसतात. आम्ही सोमवारी चढलो, बुधवारी उतरलो.

खोल्या घेताना विचारतात, प्लॅन कोणता? सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं, एपी म्हणजे सगळंच. मी सीपी घेतला. एमएपीचा बुफे आठच्या आधी लागत नाही, आणि लागला तरी त्यात मुलांना पनीर व नूडल्स सोडून काही दिसत नाही. काकांना साडेसातला ताट समोर हवं, कारण इन्सुलिन टोचून वाट बघत बसणं धोक्याचं. एकच मागणी जास्तीची केली: एका खोलीला स्वयंपाकाचा ओटा असावा. इंडक्शन घरून नेऊन खोलीत चुपचाप लावायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या. बरीच हॉटेलं नाही म्हणतात, आणि फ्यूज उडाला की सगळ्या मजल्याला कळतं.

निघालो पहाटे साडेपाचला. गाडीत थेपले, कोरडी बटाट्याची भाजी, खाखरे, दांडिया बाजारातला लीलो चिवडा. ताक, दूध, तेलकट भजी काही नाही. आबूरोडपासून वरचा रस्ता 28 किलोमीटरचा आणि वळणावळणाचा, तिथे भरल्या पोटाची मुलं हमखास ओकतात. शेवटचं खाणं पालनपूरच्या अलीकडे, कोरडं आणि अर्धपोटी. घाट सुरू होताना आल्याची वडी. रिकाम्या पोटीही मळमळतं, म्हणून अर्धपोटी. आबूरोडची रबडी प्रसिद्ध आहे, पण ती जाताना खायची नाही. आटवलेलं दूध, साखर आणि त्यावर पाऊण तास वळणं, याचा निकाल गाडीच्या सीटवर दिसतो.

वर पोचलो बाराच्या सुमाराला. पहिलं जेवण गुजराती थाळीचं ठेवलं, कारण थाळी बसल्या बसल्या येते, मेन्यूवरून वाद होत नाहीत. गावातल्या ‘नक्की’ तलावाच्या रस्त्यावरचं कनक डायनिंग हॉल आणि अर्बुदा सर्कलजवळचं अर्बुदा ही शाकाहारी खाण्याची जुनी, ओळखीची नावं. कुठेही बसलात तरी बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: लहान मुलांची अर्धी थाळी कितीला आणि किती वयापर्यंत, ताक व गोड थाळीत धरलंय का वेगळं, आणि दोघांत एक थाळी चालेल का. तिसऱ्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं, पण आधी ऐकलेलं बरं. बिलाच्या वेळी ऐकलं की भांडण होतं. एका ठिकाणी आम्हाला पाच वर्षांच्या मुलीचीही पूर्ण थाळी लावली होती, केवळ तिच्यापुढे ताट मांडलं गेलं म्हणून.

आजीसाठी शब्द नेमका वापरावा लागतो. ‘जैन’ म्हटलं की कांदा-लसूण जातो आणि बटाटा, गाजर वगैरे कंदही जातात. ‘स्वामिनारायण’ म्हटलं की फक्त कांदा-लसूण जातो, बटाटा राहतो. आजीला बटाट्याची भाजी हवी होती, म्हणून आम्ही दुसरा शब्द वापरायचो. काकांची अडचण उलटी: गुजराती डाळीत आणि कढीत गूळ किंवा साखर असते, वाटीभर गोड डाळ आणि भात म्हणजे त्यांच्या मीटरवर लगेच आकडा. त्यांच्यासाठी राजस्थानी पाच डाळींची डाळ बरी, तिच्यात गोड नसतं.

दाल-बाटी दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ली, रात्री मुद्दाम नाही. जाडसर गव्हाच्या पिठाची तुपाचं मोहन घातलेली बाटी, वर पुन्हा वितळलेलं तूप; हे पचायला चार-पाच तास आणि थोडं चालणं लागतं. टॅक्सी स्टँडच्या बाजूचं जोधपुरी भोजनालय त्यासाठी ओळखलं जातं. बाटी चांगली की नाही हे तूप ओतायच्या आधी बघायचं, नंतर सगळ्याच छान दिसतात. भाजलेल्या बाटीला एक तरी चीर असते, अंगावर करडे-तपकिरी डाग असतात, कुठे थोडी राख. एकसारखी सोनेरी, गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ती तळलेली. तळलेली वाईटच असते असं नाही, पण आधीच तेल प्यायलेली असते आणि तुपाला आत जागा उरत नाही. मग मुठीत दाबून फोडायची. भुरभुरीत चुरा झाला तर ठीक. मधोमध ओलसर, बोटाला चिकटणारा गोळा दिसला तर निखारे जास्त आणि वेळ कमी, बाहेरून रंग आला पण आत कच्ची. ती परत द्यायची, लाजायचं नाही. गार बाटी पुन्हा गरम केली तर दगड होते, म्हणून आत शिरतानाच विचारायचं, ताजी खेप कधी निघणार? पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं तर थांबायचं. मोठ्या माणसाला तीन बाट्या, मुलांना एक आणि जास्तीचा चुरमा. सोबत गट्ट्याची भाजी एक, केर-सांगरी (वाळवंटातल्या फळांची आणि शेंगांची भाजी) एक, एवढं सहाजणांना पुरतं. केर आंबटसर लागतात, मुलं बहुधा बाजूला काढतात.

त्याच दिवशी दिलवाड्याची जैन देवळं. ती पर्यटकांना दुपारी बारापासून खुली असतात, त्याआधीची वेळ पूजेची. मोठ्या सहली नाश्ता करून बरोबर बाराला रांगेत उभ्या राहतात, मग दीड वाजता सगळे एकदम जेवायला उतरतात. आम्ही क्रम उलटा केला: नऊला हलका नाश्ता, साडेअकराला बाटी, एकला देऊळ. त्यांतलं विमल वसही हे देऊळ 1031 सालचं, लूण वसही 1230 चं. छताचं संगमरवरी कोरीवकाम मान वर करून बघायचं तर पोट भरलेलं आणि गर्दी पांगलेली असावी. आत खाणं, चामड्याच्या वस्तू, कॅमेरा नाही. कातडी पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवा.

संध्याकाळ सगळ्यात अवघड. सनसेट पॉइंटवरून सगळी गर्दी एकदम नक्कीच्या चौकात येते, आणि थंडीच्या दिवसांत साडेसात ते नऊ कुठेही टेबल नसतं. आम्ही पहिल्या दिवशी सूर्यास्त पाहिला, दुसऱ्या दिवशी सोडला. पाहिला त्या दिवशी आजीला वर न्यायला बाबागाडी केली (ही आबूची हातगाडी, मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी). सूर्य टेकताच बाकीच्यांच्या आधी उतरलो आणि आजी, काका व दोन लहानग्यांसाठी खोलीवरच खिचडी लावली: एक वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी. गाव सुमारे 1,200 मीटरवर आहे, तिथे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर न्यायचाच, आणि घरच्यापेक्षा एक शिट्टी जास्त. हिवाळ्यात डाळ गार पाण्यात लवकर भिजत नाही, कोमट पाणी घ्यावं. दुसऱ्या दिवशी सूर्यास्त सोडून पावणेसातला रिकाम्या हॉलमध्ये बसलो. वेटर निवांत होता, काकांचं ताट वेळेवर आलं.

तलावाकाठी मुलांना भाजलेलं कणीस द्या, निखाऱ्यावरचं असल्यामुळे निर्धास्त. बर्फाचा गोळा नको, पाणी कुठलं ते कळत नाही. पावभाजी बरी असते, पण तीत कांदा-लसूण भरपूर, आजीला चालली नाही. तिनेच सांगितलं, की देवांनी नखांनी खणलं म्हणून ‘नक्की’. हे मात्र तिथला प्रत्येक नाववालाही सांगतो.

गुरुशिखरला (1,722 मीटर, गावापासून 15 किलोमीटर) जेवणाची आशा ठेवू नका. चहा, मॅगी, कणीस, एवढंच. थेपले न्यावेत, पण हातात उघडी पिशवी धरून पायऱ्या चढू नयेत. वानरं पिशवीचा आवाज ओळखतात. आणि रात्री गाडीत खाणं ठेवू नये. आसपास अभयारण्य आहे, आणि खाण्याच्या वासावर अस्वलं गावात उतरतात. आम्ही उरलेले थेपलेसुद्धा खोलीत, डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवत होतो.

परतताना आबूरोडला रबडी घेतली. दोन किलो, घरून नेलेल्या स्टीलच्या डब्यात. डबा बर्फाच्या पेटीत तळाशी, वर बर्फ, त्यावर ओला नॅपकिन. दाट रबडी पातळ रबडीपेक्षा जास्त टिकते. चमचा उलटा केला तर हळू गळायला हवी, पाण्यासारखी धार नको. बडोद्यापर्यंत सहा-साडेसहा तास लागतात. थंडीत तेवढं निभतं. मे महिन्यात मेहसाण्याला थांबून बर्फ बदलावा लागेल, नाहीतर घरी डबा उघडल्यावर आंबूस वास येतो.