ज्येष्ठांच्या संकुलातली कोजागिरी

चाळीस रहिवाशांसाठी साडेसात लिटर दूध घ्या. आटून सहा उरतं, म्हणजे माणशी १५० मिलिलिटर. साखर घालण्याआधीच मधुमेहींचं दूध वेगळ्या पातेल्यात काढा आणि त्यांच्या पेल्यांना रंगीत दोरा बांधा, नाहीतर वाटताना हमखास गोंधळ होतो. बदाम-पिस्त्यांची बारीक पूड करा, काप कवळीखाली अडकतात.

मध्यरात्रीचा हट्ट नको. साडेसातला सुरुवात, नऊला समाप्ती. रात्रीची औषधं चुकत नाहीत. गच्चीपेक्षा अंगण बरं, लिफ्ट बंद पडली की सगळंच अडतं. हात असलेल्या खुर्च्या मांडा, सतरंजीवरून उठणं गुडघ्यांना जड जातं. माइकची वायर वाटेत आडवी नको.

भेंड्यांना मात्र भरपूर वेळ ठेवा. एरवी गप्प बसणारी माणसं तिथेच खुलतात.