ठाण्यात शून्य, इथे ६३

१६ मे २०२०. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या घरामागच्या अंगणात मी झाडूचा दांडा उभा करत होते, बरोब्बर एक मीटरवर कापलेला. तो सरळ आहे ना, हे बघायला दोऱ्याला घराची किल्ली बांधून ओळंबा केला होता. नवरा दांडा धरून उभा, आणि फोनवर ठाण्यातली १९ मुलं.

फेब्रुवारीत बिनपगारी रजा घेऊन मी नवऱ्याकडे आले होते, दीड महिन्यासाठी. २२ मार्चला भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि मी इथेच अडकले. माझा नववीचा वर्ग तिकडे. नववीची परीक्षा रद्द झाली, मुलं परस्पर दहावीत गेली. भूमिती कच्ची राहिलेली मला माहीत होती, म्हणून एप्रिलपासून फोनवर तास सुरू केले. ४० मिनिटं झाली की कॉल तुटायचा, पुन्हा सगळ्यांना गोळा करायचं.

पहिले पंधरा दिवस मला ते अजिबात आवडलं नाही. चौदा वर्षं फळ्यापाशी काढल्यावर, कोणाला कळलं नाही ते भुवयांवरून कळतं. इथे नुसते काळे चौकोन. घरात एकच फोन, तो वडिलांचा; डेटा संपला की मूल गायब.

मग एका रात्री कळव्याच्या चाळीतल्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. शेवटून दुसरा बाक, दोन वर्षांत स्वतःहून एक शब्द बोललेला नाही. इथे साडेआठ, म्हणजे तिथे बारा वाजलेले. घरातले झोपले असणार, कारण तो अगदी दबक्या आवाजात बोलत होता. "बाई, मघाशी गणिताचा फोटो पाठवलात ना, त्यात खिडकीबाहेर उजेड आहे. तुमच्याकडे साडेआठला उजेड कसा?"

मी तो मेसेज तीनदा ऐकला. वर्गात हे विचारायला त्याला हात वर करावा लागला असता, चाळीस माना मागे वळल्या असत्या. इथे त्याला फक्त बटण दाबून धरायचं होतं. माझ्या लांब असण्यामुळेच हे मूल माझ्याजवळ आलं होतं. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर तर त्या अंतरातच होतं!

ठाण्यात वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैत पावसामुळे काही दिसत नाही, खरा दिवस मेमधला. सुमारे २२०० वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं असाच दिवस धरून पृथ्वीचा परीघ काढला होता. इजिप्तमधल्या आजच्या आस्वानमध्ये सूर्य डोक्यावर, त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात थोडी सावली. मी मुलांना म्हटलं, आपलं आस्वान म्हणजे ठाणे, अलेक्झांड्रिया मी.

तिथे वेळ होती १२:३५ ची. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलांची पंचाईत झाली. प्रत्येक बाल्कनीवर वरच्या मजल्याची बाल्कनी, आणि कोरोनामुळे सोसायटीनं गच्चीला कुलूप लावलेलं. चाळीतल्यांच्या दारात मात्र मोकळं आकाश होतं. एरवी नेटवर्क नाही म्हणून मागे पडणारी मुलं त्या दिवशी बाकीच्यांना खबर देत होती. "बाई, संपत आली... संपत आली... गेली!" एकानं स्टीलचा पेला पालथा ठेवून सावली गेल्याचं जाहीर केलं, तशी पाचपाखाडीची मुलगी तटकन म्हणाली, "पालथा पेला चालणार नाही. खाली रुंद आहे, त्याची सावली आधीच लपते. सरळ उभी वस्तू घे." इतकं नेमकं मीही सांगितलं नव्हतं. मग पावडरचा डबा आला.

माझी दुपार व्हायला अजून साडेचार तास होते. माझ्या घड्याळात १:३४, त्यांच्या ५:०४. तेवढ्यासाठी सगळी पुन्हा फोनवर आली. सावली भरली ६३ सेंटिमीटर.

वहीत १० आणि ६.३ सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण काढायचा, दांड्याच्या टोकाशी कोनमापक लावायचा. ३२ अंश. पृथ्वीच्या ३६० अंशांच्या वर्तुळातला हा तुकडा. ३६० भागिले ३२, सव्वाअकरा. याला अंतरानं गुणायचं. एकीनं ठाणे ते आइंडहोवन धरलं, सुमारे ६,८०० किलोमीटर, आणि घाबरून म्हणाली, "बाई, पृथ्वी जवळजवळ दुप्पट झाली!"

चूक कुठे झाली ते मी सांगितलं नाही. बराच वेळ कोणी बोलेना. मग कळव्याचा तो मुलगा, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर, बोलला. "बाई नुसत्या वर नाही गेल्या, डावीकडेपण गेल्यात. डावीकडे गेलेलं घड्याळात दिसतं. वर गेलेलं सावलीत दिसतं. आपल्याला वरचंच पाहिजे."

मला पुढे बोलता येईना.

नकाशावर माझ्यापासून सरळ खाली ठाण्याच्या अक्षांशापर्यंत बोट नेलं, तर ते अल्जीरियाच्या दक्षिणेला सहारा वाळवंटात पोचलं. दोरा लावून, प्रमाण बघून अंतर निघालं ३,६००. गुणिले सव्वाअकरा, ४०,५००. खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. एक झाडूचा दांडा, एक पावडरचा डबा आणि १९ मुलं! इतका निखळ आनंद मला वर्गातही फार थोड्या वेळा मिळाला आहे.

पुढच्या वर्षी त्यांची दहावीची परीक्षाच रद्द झाली. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि ही मुलं काही न लिहिता पास झाली, असं लोक म्हणत राहिले. मला ते फार लागतं. ती काय शिकली, ते मी ऐकलेलं आहे.

मी इथेच राहिले, तास अजून घेते. तो मुलगा डिप्लोमा करून रबाळ्याच्या एमआयडीसीत ॲप्रेंटिस लागला. दर १६ मेला त्याचा फोटो येतो. यंदा कारखान्याच्या आवारात उभा केलेला एक बोल्ट होता. ऊन कडक, सावली नाही. खाली लिहिलं होतं, "बाई, तुमचं?"

माझ्या दुपारी मी दांडा घेऊन अंगणात गेले. आभाळ भरून आलं होतं. लिहिलं, "ढग आहेत रे."

त्याच्याकडे पाच वाजून गेले होते, सुटायची वेळ. उत्तर लगेच आलं.

"थांबतो, बाई."