४७ पानं अंधारात

मेंढीकोटात गेलेली पानं लक्षात ठेवली की अर्धा डाव हातात. किलवर कुणाचं संपलं, राणी कोण दाबून बसलंय, सगळं कळत जातं, कारण शेवटी बावन्नही पानं उघडी होतात. भाच्याने टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकवला तेव्हा माझी भिस्त या स्मरणशक्तीवरच होती. पण इथे सोडून दिलेली पानं कुणी दाखवतच नाही! आपली दोन, टेबलावर सगळ्यांसाठी उघडायच्या पाचांतली पहिली तीन, बाकी ४७ अंधारात. आठवायला काही नाही, मोजायला मात्र भरपूर.

म्हणून दुपारची आवराआवर झाली की कॅट घेऊन एकटीच बसते. स्वतःला दोन बदाम घेते, टेबलावरच्या तिनात दोन बदाम ठेवते. उरले नऊ. पाच बदाम जमले की हात भारी, म्हणून प्रश्न एकच: पाचवा बदाम मिळेल का? अजून दोन पानं उघडायची असतील तर नवाला चाराने गुणायचं, एकच उरलं असेल तर दोनाने. ३६ टक्के आणि १८ टक्के. खरे आकडे ३५ आणि साडेएकोणीसच्या आसपास, म्हणजे तोंडी हिशेब चालतो. चाराचा गुणाकार मात्र मध्ये पुन्हा पैसे घालावे लागणार नसतील तेव्हाच धरायचा.

पैसे म्हणजे चिंचोके. (ऑनलाइन पैसे लावून खेळणं २०२५च्या कायद्याने बंद झालं, मला त्यात रसही नव्हता.) मध्ये २०० आहेत, समोरच्याने १०० लावले. मी १०० घातले तर एकूण ४००, म्हणजे निदान २५ टक्के संधी हवी. शेवटचं एकच पान उरलंय? सोडायचं, कितीही बदाम डोळ्यांपुढे नाचोत. त्याने ४०च लावले असते तर १४-१५ टक्क्यांत भागलं असतं, खुशाल बघायचं.

सुरुवातीची दोन पानं निवडणं त्याहून कठीण. १३२६ जोड्या, प्रकार १६९, आणि त्यातले बहुतेक टाकायच्या लायकीचे. "मावशी, एक्का दिसला की तू चेकाळतेस," भाचा म्हणतो. मेंढीकोटाची सवय, दुसरं काय! एक्का-तिर्री सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी असेल तर टाकावीच; सगळ्यांत शेवटी बोलायचं असेल तर विचार करता येतो, कारण बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं.

सध्या छोट्या जोड्या घोटतेय. हातात जोडी असली तर पहिल्या तीन पानांत तिचं तिसरं पान यायची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास. दुर्रीच्या जोडीवर किती चिंचोके घालावेत, यावरून भाच्याशी फोनवर वाद चालू आहे.