पोराला तिखट झोंबतंय? आधी तोंड उघडायला लावा

पोरगं नशा करतंय का हे बघायचं म्हटलं की आपले लोक दारू आणि गांजाच शोधत बसतात. आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे सुरुवात होते खर्ऱ्यापासून (सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधून देतात तो), आणि खर्ऱ्याला तर कोणी नशा समजतच नाही. पाहुणा आला की खर्रा, रोवण्यावरच्या बायांना खर्रा, आणि तो आणायला ठेल्यावर कोण जातं, तर घरातलं आठ-दहा वर्षांचं पोट्टं! "जाय बरं बापू, एक खर्रा आन." येता येता पन्नी सोडून चिमूटभर तोंडात टाकायला कितीसा वेळ लागतो.

मागे आरमोरीकडच्या एका लग्नात पंगतीत शेजारी नववीतला पोरगा बसला होता. भाजीला हातच लावेना, नुसता वरण-भात. आई म्हणे उष्णता झाली त्याला, तोंड आलंय, तिखट झोंबते. बुंदीचा लाडू द्यायला गेले तर पोरगा तोही बारीक तुकडे करून खात होता, कारण जबडा पूर्ण उघडतच नव्हता. मी त्या माऊलीला बाजूला घेऊन सांगितलं, बाई ही उष्णता नाही, उद्याच दाताच्या डॉक्टरकडे न्या.

हे सुपारीमुळे होतं, तंबाखू नसलेल्या सुपारीनेही होतं, त्यामुळे "नुसती सुपारीच तर खातो" म्हणून सोडून देऊ नका. गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ होत जाते, तोंड आखडतं, आणि एकदा आखडलं की आपोआप पहिल्यासारखं उघडत नाही, पुढे कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच. घरी बघायची साधी पद्धत आहे, पोराला त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा, जात नसतील तर डॉक्टरकडे जायचंच. बाकी खिशात चुरगळलेली पन्नी, सारखी सोप (बडीशेप) चघळणं, दातावर लाल-काळे डाग, चिल्लर पैशाचा हिशोब न लागणं हेही बघत राहा. पोरं नशेसाठी हुंगतात त्या व्हाइटनरचा किंवा पंक्चरच्या सोल्युशनचा वास कपड्याला येत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

सापडला की बाप आधी पट्टा काढतो. अहो, मारलेलं पोरगं खर्रा सोडत नाही, लपवायला शिकतं! शांतपणे विचारा, कोण देतं, कधीपासून, नाही खाल्लं तर कसं वाटतं. आणि बापाने स्वतःची पन्नी खिशात ठेवून पोराला उपदेश करू नये, दोघांनी मिळून सोडा ना, 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा फुकट नंबर दोघांनाही चालतो. दारू-गांजा-सोल्युशनसाठी 14446.

ठेलेवाला गावचाच असतो म्हणून कोणी बोलत नाही, पण 18 वर्षाखालच्या पोराला तंबाखू देणं गुन्हा आहे, 2015 च्या बाल न्याय कायद्यात त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. ग्रामसभेत चार आयांनी उभं राहून हे त्याला तोंडावर सांगावं. आणि घरचा खर्रा आणायला पोराला पाठवणं आजपासून बंद करा, हात जोडून सांगते.