ही शिवण मी शिवणार नाही

गाडी जुनी, पण इंजिन खणखणीत. बेज रंगाच्या लेदर सीट. काकांना ती दिवाळीआधी पुतण्याला द्यायची होती आणि ड्रायव्हरची सीट तेवढी नव्यासारखी करून हवी होती. झिजलेली जागा नेहमीचीच, दरवाज्याकडचा फुगवटा. चढता-उतरताना माणूस दर वेळी त्यावरून घसरतो, जीन्सची बटणं आणि खिशातल्या किल्ल्या घासतात. आधी रंग जातो, मग वरचा थर तडकतो. खालचं कातडं बहुतेक वेळा शाबूत असतं, म्हणूनच आमचं पोट भरतं.

काका सीटला नेमाने खोबरेल चोळत होते. कोल्हापुरी चपलेला चालतं, मग इथे का नको? पण हल्लीच्या बहुतेक सीटच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. तेल धड आत मुरत नाही, वर बसून धूळ धरतं. तड्यांतून आणि टाक्यांच्या भोकांतून जिथे शिरतं, तिथे नवा रंग टिकत नाही. कधीतरी कपड्याच्या पावडरीनेही सीट धुतली होती. कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी असतं आणि ही पावडर अल्कधर्मी, त्यामुळे ते कोरडं पडत जातं. सगळी सकाळ मळ काढण्यातच गेली. मऊ ब्रशने फेस करायचा, मायक्रोफायबरने टिपायचा, पुन्हा फेस. फडकं स्वच्छ निघेपर्यंत मी सँडपेपरला हात लावत नाही, रंग तर फार पुढची गोष्ट.

पाठीच्या बाहेरच्या कडेवरून ब्रश फिरवताना हाताला काहीतरी खटकलं. बाकी सगळीकडे बारीक, एकसारखे टाके होते. इथे वीतभर जागेत जाड नायलॉनचा दोरा आणि लांब-लांब टाके. शेजारी बोट दाबलं तर आत कापडाची पट्टी लागली. दोन टाक्यांमधली फट टॉर्च मारून बघितली, तेव्हा त्या पट्टीवर ‘एअरबॅग’ची अक्षरं दिसली. शिवण उसवली म्हणून कुणीतरी ती आतली पट्टी दुमडून सगळं घट्ट शिवून टाकलं होतं.

जाहिरातीत सहा एअरबॅग मोठ्या अक्षरांत लिहितात. त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत असतात, हे गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. बाजूने धडक बसली की माणूस आणि दरवाजा यांच्यात अंतर असं उरतच नाही. म्हणून ती बॅग पापणी लवण्याच्या आत फुगावी लागते आणि त्यासाठी तिथली शिवण ठरलेल्या जागी फाटावी लागते. तिथला दोरा कंपनीने मुद्दाम तसा निवडलेला असतो. बाकी सीटवर जी मजबुती आम्ही अभिमानाने दाखवतो, ती इथे घातक. बॅग अडकते, उशिरा उघडते किंवा भलतीकडून बाहेर येते. बाजूने बंद असलेली साधी सीट कव्हरंही हाच घोळ घालतात.

काकांना बोलावून दाखवलं.

“मग उसवा आणि बारीक दोऱ्याने शिवा की ताई. तुमचा हात चांगलाय.”

“काका, ही शिवण मी शिवणार नाही. पाठीचं कव्हर कंपनीचंच घ्यायचं, आणि बसवायचं त्यांच्या वर्कशॉपमध्ये.”

“अहो, पुतण्याला काय कळतंय त्यातलं?”

हे बोलल्यावर तेच गप्प झाले. थोड्या वेळाने फोन काढून चौकशीला लागले.

सीटखाली एअरबॅगची वायर जिथे जोडलेली असते, त्या पिवळ्या कनेक्टरला मी हात लावत नाही. बॅटरीची तार काढून, थोडा वेळ थांबून, मग तिथलं काम करायचं असतं, आणि नंतर स्कॅनर लावून तपासायचं. ते ज्यांचं काम त्यांनीच करावं.

कव्हर यायला दिवाळी उलटली. किंमत ऐकून काकांनी दोनदा चष्मा पुसला. आता माझ्यापुढे उलटाच पेच होता. नवीन पाठ लखलखीत आणि खालची बैठक उन्हाने पिवळी पडलेली. बेजमध्ये थेंबभर पिवळा जास्त झाला तरी डोळ्याला टोचतं, आणि ओला रंग सुकल्यावर बदलतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात आणला की वेगळाच दिसतो. म्हणून नमुने सुकवून दारात उन्हात धरले, मग पातळ थर मारत गेले, आणि शेवटी मॅट टॉपकोट. चकाकी आली की लेदर रेक्झिनसारखं दिसतं.

बिल हातात घेऊन काका म्हणाले, “त्या माणसाने शिलाईचे पाचशे घेतले होते.” मग दरवाजा उघडून वाकले. “ताई, त्या बाजूची सीटही बघितलीत ना?”

ती पहिल्याच दिवशी बघून ठेवली होती. तिकडचे टाके कंपनीचेच होते.